बाप्पाच्या घरातले प्राणी आणि आपली मुलं

(मंडळाच्या गणेशोत्सवात बालवर्गाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर बाहेरचे पाहुणे येऊन बोलतात. यंदा कार्यकारिणीने सांगितलं की बालवर्गात काय चालतं ते एकदा पालकांनाही कळू द्या, म्हणून आम्ही उभे आहोत. आम्ही म्हणजे रविवारचा बालवर्ग चालवणारी पाच माणसं. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक वहिनी बालवाडीत शिकवतात, दोघं कंपनीत आहेत. आणि बोलायचं काम ज्याच्या गळ्यात पडलंय, तो राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यातला, स्थापत्याचा डिप्लोमा केलेला साधा नोकरदार आहे. प्राणिशास्त्राची पदवी आमच्यापैकी कुणाकडेच नाही. तरी यंदा आम्ही विषय घेतला तो प्राण्यांच्या अवयवांचा. कुठला अवयव कशासाठी, त्याने तो प्राणी जगतो कसा आणि हलतो-चालतो कसा.

तुम्ही म्हणाल, हे तर शाळेत शिकवतातच. शिकवतात. तिसरी-चौथीच्या पुस्तकात 'जोड्या लावा' असतं. बदक आणि पायाचे पडदे, उंट आणि मदार, मासा आणि कल्ले. आपली मुलं हुशार आहेत, पैकीच्या पैकी मिळवतात. पण आम्ही वर्गात एक साधा प्रश्न विचारला. आपल्या सोसायटीच्या फाटकाशी रोज जी गाय पोळी खायला येते, तिला वरच्या जबड्यात पुढचे दात आहेत का? एकालाही सांगता आलं नाही. घ्यायला आलेल्या पालकांना विचारलं, त्यांनाही नाही. आता सांगून टाकतो, गाईला वर पुढचे दात नसतातच. तिथे कडक हिरडीची एक गादी असते. गाय जिभेने गवताची पेंडी ओढते, खालचे दात त्या गादीवर दाबते आणि मानेला हिसका देऊन तोडते. रोज जिला पोळी घालतो, तिच्या तोंडात आपण कधी डोकावलेलो नसतो.

वर्गाची सगळी रीत या एका प्रश्नातून ठरली. आधी प्राणी बघायचा, मग त्याचा अवयव काय काम करतो ते विचारायचं आणि पुस्तक शेवटी उघडायचं.

ही रीत आमची नाही. आपल्याला लागूनच असलेल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची ती कर्मभूमी. ताराबाई आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर दक्षिणामूर्तीत काम करत होत्या. म्हणजे गुजराती आणि मराठी, दोन्ही मातींतलं बालशिक्षण त्यांनी पाहिलं होतं. 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडला गेलं. तिथली वारली मुलं दिवसभर गुरं राखायची. शाळेत यायची कधी? मग शाळाच गुरांमागे गेली. कुरणात भरणारी ती कुरणशाळा. पानं, बिया, दगड, शिंपले हीच शिकवण्याची साधनं, आणि समोर चरणारं जनावर हा जिवंत तक्ता. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 साली पद्मश्री मिळाली. इतकं मोठं काम आपल्या इतक्या जवळ झालं आणि आपल्यापैकी अनेकांनी ती टेकडी पाहिलेली नाही.

आता सिल्व्हासात आपल्या मुलांना कुरण कुठून आणायचं? आपले वडील-आजोबा इथे आले तेव्हा फाटकाबाहेर भातखाचरं होती. आज कारखान्यांच्या भिंती आहेत, त्यांच्यामध्ये आपल्या सोसायट्या आहेत. तेव्हा आम्ही विचार केला, की मुलांना जे प्राणी आधीपासून ओळखीचे आहेत, प्रिय आहेत, तिथून सुरुवात करू. आणि असे प्राणी या मखरातच बसलेत. बाप्पाचं तोंड हत्तीचं. वाहन उंदीर. पोटाला नाग. मोठ्या भावाचा मोर, वडिलांचा नंदी, आईचा सिंह. सहा प्राणी, सहा तऱ्हेची शरीरं. हत्ती सोडला तर बाकी पाचही सिल्व्हासाच्या आसपास बघायला मिळतात. आमचा अभ्यासक्रम तयार झाला.

सुरुवात अर्थातच सोंडेपासून. आम्ही मुलांना मूर्तीसमोर बसवलं आणि म्हटलं, हत्तीचं डोकं बघा केवढं जड आहे. एवढं डोकं पेलायचं तर मान आखूडच हवी. लांब मानेच्या टोकाला इतकं वजन टांगलं तर काय होईल, हे सज्जाचं काम केलेला कुठलाही डिप्लोमावाला सांगेल. पण मान आखूड आणि पाय उंच, म्हणजे तोंड जमिनीला पोचणार नाही. मग गवत खायचं कसं, पाणी प्यायचं कसं? इथे एक मुलगी ओरडली, "म्हणून सोंड!" हे उत्तर तिला आम्ही दिलेलं नव्हतं.

सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ मिळून लांबलेला अवयव. त्यात हाड एकही नाही, नुसते स्नायू, त्यांचे हजारो जुडगे. आपली जीभही अशीच बिनहाडाची. मुलांना जीभ बाहेर काढून डावीकडे, उजवीकडे, वर वळवायला लावली, की सोंड कशी वळते ते पटकन कळतं. आपल्याकडच्या हत्तीच्या सोंडेला टोकाशी बोटासारखा एक उंचवटा असतो, आफ्रिकेतल्या हत्तीला तसे दोन असतात. त्या बोटाने तो शेंगदाणाही उचलतो आणि त्याच सोंडेने ओंडकाही लोटतो. आणखी एक, हत्ती सोंडेने पाणी पीत नाही. तो सोंडेत पाणी ओढून घेतो आणि मग तोंडात सोडतो. नाकाने पाणी प्यायलं तर त्यालाही आपल्यासारखाच ठसका लागेल.

कानांचं तर नावच बाप्पाला पडलंय, शूर्पकर्ण. सुपासारखे कान. हत्तीचं अंग प्रचंड आणि त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची कुठून? कानाची कातडी पातळ, मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचं जाळं. कान हलले की त्यातलं रक्त निवतं आणि तेच रक्त अंगभर फिरतं. आमच्या एका काकूंनी खरंखुरं सूप आणून वारा घालून दाखवला. काही मुलांनी सूप आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं. 

पाय बघा. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ असतात, वजन थेट खाली उतरतं. तळव्याखाली चरबीची जाड गादी असते, ती वजन पसरवते आणि पावलाचा आवाज मारते. इमारतीचा पाया खांबापेक्षा रुंद का करतात, याचं उत्तर मुलांना इथेच मिळालं. आणि इतक्या वजनापायी मोठा हत्ती उडी मारत नाही.

आता दात, आणि इथे खरी गंमत आहे. आपण हत्तीच्या बाहेर आलेल्या दातांना सुळे म्हणतो. पण शरीरशास्त्राप्रमाणे ते सुळे नव्हेत. ते वरच्या जबड्यातले पटाशीचे दात आहेत, म्हणजे आपले जे अगदी पुढचे दात, तेच. ते आयुष्यभर वाढत राहतात. आणि आयुष्यभर वाढणारे पटाशीचे दात आणखी कुणाला असतात? बाप्पाच्या पायाशी मोदक धरून बसलेल्या त्या उंदराला! एवढा अजस्र हत्ती, एवढासा उंदीर, आणि दोघांचा दात एकाच जातीचा. मुलांनी हे ऐकलं आणि सगळी उठून मूर्तीच्या पुढ्यात दात बघायला गेली.

उंदराचा दात का वाढतो? कुरतडून झिजतो म्हणून. झिजला नाही तर इतका वाढेल की तोंड मिटणार नाही आणि उंदीर उपाशी मरेल. म्हणून तो खायचं नसलं तरी कुरतडतो. तुमची वायर, तुमची वही हा त्याचा खोडसाळपणा नसतो. त्या दाताची पुढची बाजू कडक आणि मागची मऊ असते. मागची लवकर झिजते, त्यामुळे पुढची धार आपोआप राहते. सुताराची पटाशी अशीच एका बाजूने उतरती घासलेली असते. आपल्या भाषेने या दाताला पटाशीचा दात म्हटलं. ज्याने हे नाव ठेवलं, त्याने पटाशीही पाहिली होती आणि दातही. आमच्या खात्यात कालव्याच्या भरावात उंदीर-घुशींची बिळं शोधत हिंडावं लागतं, कारण एका बिळातून पाणी झिरपायला लागलं की भराव खचू शकतो. त्यामुळे या दाताबद्दल आणि त्या नखांबद्दल आम्हाला नोकरीपुरता आदर आहेच. अंधारात वाट चाचपायला मिशा, आणि दोरीवरून जाताना तोल सांभाळायला शेपूट. हे तर कुणीही रात्री माळ्यावर बॅटरी मारून बघावं.

उंदरामागून बिळात कोण शिरतं? साप. इथे आम्ही जरा जास्त वेळ घेतला आणि आजही घेणार आहोत. पावसाळ्यात बिळांत पाणी भरतं, साप बाहेर येतात, जिन्याखाली, पार्किंगमध्ये सापडतात. मग काय होतं ते आपण सगळे जाणतो. काठ्या निघतात, आणि मुलं बघत असतात.

वर्गात आम्ही विचारलं, सापाला पाय नाहीत, याने त्याचं अडतं की सोय होते? आधी सगळे म्हणाले, अडतं. मग जमिनीवर दोन खुर्च्या आडव्या ठेवून त्यांच्या खालून हात-पाय न वापरता सरपटायला लावलं. बाहेर आलेला पहिला मुलगाच म्हणाला, "पाय मध्ये येतात." उंदराच्या बिळात शिरायचं तर पाय नसलेलेच बरे. सापाच्या पोटाखाली आडवे रुंद खवले असतात. ते जमिनीच्या खडबडीला पकडतात आणि फासळ्यांना जोडलेले स्नायू अंग पुढे नेतात. म्हणून गुळगुळीत फरशीवर साप घसरतो, त्याला पळता येत नाही. आपल्याला वाटतं तो अंगावर येतोय. तो बिचारा पकड शोधत असतो.

त्याला बाहेरचा कान नाही, तो जमिनीतली थरथर जबड्यातून ओळखतो. गारुड्याच्या पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही, पुंगी हलते तसा तो हलतो. डोळ्यांना पापणी नाही, पारदर्शक खवल्याचं झाकण असतं, म्हणून तो टक लावून बघतोय असं वाटतं. दुभंगलेली जीभ चावत नाही. ती हवेतला वास टिपून टाळूकडे नेते. खालच्या जबड्याचे दोन भाग समोर घट्ट जोडलेले नसतात, त्यामुळे तो स्वतःच्या डोक्याहून जाड उंदीरही गिळतो. चावून खाण्याचे किंवा चोखून पिण्याचे अवयवच त्याला नाहीत, आणि दूध हे त्याचं अन्नही नाही. नागपंचमीला आपण पाटावर नाग काढून पूजा करतो, ती श्रद्धा आपल्या जागी आहे. मात्र जिवंत नागापुढे दुधाची वाटी धरणं त्याच्या शरीराला मानवत नाही, एवढं मुलांना समजलं तर पूजेत काही कमी होत नाही.

याच वेळी आम्ही मुलांना चार नावं पाठ करायला लावली, कारण ही खरोखर पाठ असायलाच हवीत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. हे आपल्याकडचे मुख्य विषारी साप. साप दिसला तर लांब उभं राहायचं, मोठ्यांना हाक मारायची, वन खात्याला किंवा सर्पमित्राला बोलवायचं. कुणाला चावलाच तर चिरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही, हातपाय न हलवता थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं. शरीररचना शिकवताना हे शिकवलं की भीती राहते ती कामापुरती राहते.

सापाचा शत्रू मोर. आपल्या भागातल्या जंगलाच्या कडेला पहाटे त्याची ओरड ऐकू येते. मुलांना वाटतं पिसारा म्हणजे शेपूट. नाही. खरी शेपूट पिसाऱ्याच्या मागे असते, आखूड आणि ताठ, ती पिसाऱ्याला टेकू देते. एका मुलाने फार चांगलं विचारलं, "काका, एवढा पिसारा घेऊन कुत्र्यापासून पळता कसं येणार?" बरोबर आहे. पिसारा पळायला अडचणच करतो. तो जीव वाचवायला नाहीच, तो लांडोरीला दाखवायला आहे. पावसाळा सरत आला की मोराची ती पिसं गळून पडतात आणि पुढच्या मोसमासाठी नवी येतात. तेव्हा प्रत्येक अवयव शत्रूपासून वाचायलाच असतो असं नाही. पिल्लं व्हावीत, वंश पुढे चालावा, हेही अवयवांचंच काम.

नंदीबद्दल बोलायला तर मुहूर्तच चांगला, पोळा नुकताच झालाय. आम्ही मुलांना खानवेलच्या वाटेवरच्या एका शेतात नेलं. खूर दुभंगलेला का? चिखलात पाय रोवला की खुराचे दोन भाग फाकतात, भार पसरतो. उचलताना ते जवळ येतात आणि पाय सुटून येतो. घोड्याचा खूर एकसंध, तो माळावर धावायला. म्हणून भाताच्या चिखलणीला बैल-रेडा आणि शर्यतीला घोडा. वशिंडाच्या पुढे जू कसं बसतं ते मुलांनी हात लावून पाहिलं. गळ्याखालची लोंबती पोळी पाहिली. देशी बैलाची ही सैल कातडी ऊन सोसायला मदत करते. आणि रवंथ. हरणं, गाई-बैल हे मुळात उघड्या माळावर चरणारे, वाघरांचं भय असणारे. भराभर गिळायचं आणि आडोशाला जाऊन निवांत चावायचं, असं त्यांच्या चार कप्प्यांच्या पोटाचं गणित आहे. शेतातल्या कोकणा कुटुंबातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा आमच्या मुलांना हे सगळं दाखवत होता. बैलाचं वय दातांवरून कसं ओळखायचं हे त्याला येत होतं. त्या दिवशी आमच्या वर्गाचा गुरुजी तोच होता.

राहिला सिंह. त्यासाठी आपल्याला दूर जावं लागत नाही, वासोन्याची सफारी आहे. पण आमचा आग्रह असा की त्याच फेरीत सातमालियाचं हरणांचं उद्यानही पाहावं. दोन्ही बघितल्यावर मुलांना एकच गोष्ट विचारावी, डोळे कुठे आहेत? सिंहाचे दोन्ही डोळे समोर. झेप घ्यायची तर अंतर नेमकं कळायला हवं, त्यासाठी दोन्ही डोळ्यांनी एकच जागा बघावी लागते. चितळाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला अंतरापेक्षा कुठून कोण येतंय हे कळणं गरजेचं, म्हणून खाली मान घालून चरतानाही त्याला चहूकडचं दिसतं. कान तर वेगवेगळे वळतात. मुलांनी बेडूक, ससा, मांजर, घुबड, बकरी यांचे डोळे आठवून पाहिले. मग कुणीतरी म्हणालं, "आपले डोळे पण समोर आहेत!" त्यावर आम्ही त्यांना एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला दिला.

सिंहाची नखं म्यानात असतात, चालताना झिजत नाहीत. हे घरच्या मांजराचा पंजा हलकेच दाबून कळतं. कुत्र्याची नखं कायम बाहेर, म्हणून फरशीवर टकटक वाजतात. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून कुत्रं आलं की मांजर हे मुलं ओळखायला लागली.

एक गोष्ट शिकवताना आम्ही सावध राहतो, तुम्हीही राहा. आपण सहज म्हणतो, हत्तीला गवतापर्यंत पोचायचं होतं म्हणून त्याने सोंड वाढवली. असं कुणी ठरवून वाढवत नाही. तसं असतं तर आपल्याला परीक्षेच्या वेळी तिसरा हात आला असता. पिढ्यान्‌पिढ्या, लाखो वर्षं, जन्मतः थोडा थोडा फरक असलेली पिल्लं होत गेली. ज्यांचा फरक त्या जागी उपयोगाचा ठरला ती जास्त जगली, त्यांचीच पिल्लं जास्त झाली. डार्विनने 1859 साली आपल्या ग्रंथात हे मांडलं. मुलांना एवढंच सांगावं की जे जागेला जुळले ते टिकले. यातून दुसरीही गोष्ट निघते. जागाच बदलली तर? टिटवीचे पाय माळावर चालायला बनलेत, मागचं बोट नावापुरतं, त्यामुळे ती झाडाच्या फांदीवर बसत नाही. अंडी जमिनीवर घालते. तिच्या माळावर आपण पेव्हर ब्लॉक बसवले, तर तिचे पाय तिला दुसरीकडे जगवणार नाहीत. आठ वर्षांच्या मुलीला हे समजलं. समजल्यावर ती म्हणाली, "मग तिला सांगायचं तरी कोणी?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आता भाषेबद्दल दोन शब्द, कारण मंडळ मराठी आहे. आपली मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात, खाली खेळताना गुजराती-हिंदी बोलतात, घरात मराठी. त्यात गैर काही नाही. पण अवयवांचे शब्द पुस्तकातून येत नाहीत, ते बघता बघता येतात. घोड्याची टाप, बैलाचा खूर, वाघाचा पंजा, खेकड्याची नांगी, कोंबड्याचा तुरा, सिंहाची आयाळ, माशाचे कल्ले. आणि चालीचे शब्द तर पाहा. साप सरपटतो, पाल सरसर जाते, बेडूक टुणकन उडतो, घार घिरट्या घालते, मासा सुळकन निसटतो, खेकडा तिरका चालतो, बगळा दबकत चालतो, बदक फेंगडं. प्रत्येक क्रियापदात त्या प्राण्याचे पाय दिसतात. वर्गात आम्ही मुलांना तशी चाल करून दाखवायला लावतो आणि इतरांनी क्रियापद ओळखायचं. या खेळात आजी-आजोबा सर्वांच्या पुढे असतात, आणि नातवंडांना त्याचं नवल वाटतं.

हेच डोळे वारली चित्रात दिसतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण आणि काही रेघा, पण धावणारा बैल धावतानाच दिसतो. पायाचा कोन कुठे मोडतो ते ज्याने पाहिलंय त्यालाच असं काढता येतं. आपल्या दिवाणखान्यात ही चित्रं फ्रेम करून लावलेली आहेत. ती मुलांसोबत एकदा नीट बघा.

पालकांसाठी काही सोप्या गोष्टी सांगतो. खर्च शून्य.

एक, स्वयंपाकघरातल्या चोची. परातीत पाणी घालून त्यात तांदूळ, शेंगदाणे, सुपारी आणि दोऱ्याचे तुकडे टाका. मुलांना चिमटा, चमचा, गाळणी आणि अडकित्ता द्या. कशाने काय उचलता येतं? चिमटा म्हणजे बगळ्याची चोच, गाळणी म्हणजे बदकाची, अडकित्ता पोपटाचा. जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिरासाठी एक बारीक नळीही ठेवा.

दोन, अंगठा. अंगठा तळव्याला चिकटपट्टीने बांधून शर्टाची बटणं लावायला सांगा. पाच मिनिटांत कळतं की माणसाचं सगळं कसब कुठे आहे.

तीन, ट्यूबलाइटजवळची पाल. तिच्या बोटांखाली डिंक नसतो. डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात, ते भिंतीला इतके जवळून भिडतात की पकड बसते. शेपूट तुटली तर वळवळत राहते, शत्रू तिच्याकडे बघतो आणि पाल निसटते. शेपूट पुन्हा येते, पण त्यासाठी तिला साठवलेली ताकद खर्चावी लागते. गंमत म्हणून तोडायची ती वस्तू नाही.

चार, दमणगंगेच्या काठावर अर्धा तास गप्प बसणं. मोबाइल खिशात. बगळा आणि खंड्या, दोघंही मासे खातात. एक पाण्यात उभा राहून वाट बघतो, दुसरा वरून सूर मारतो. दोघांचे पाय बघा, दोघांच्या चोची बघा. बाकी मूल आपलं आपण बोलेल.

शेवटी एकच विनंती. दिवाळी येतेय. दरवर्षी कुठल्या तरी गल्लीत कुत्र्याच्या शेपटीला फटाका बांधला जातो. शेपूट ही कुत्र्याची बोलण्याची जागा आहे. भीती, राग, आनंद तो तिथून सांगतो, वळताना तोलही तिने सांभाळतो. ज्या मुलाने हे एकदा निरखून पाहिलं, त्याचा हात त्या शेपटीला फटाका बांधायला पुढे होणार नाही, असा आमचा विश्वास आहे. म्हणून बालवर्गातर्फे आम्ही मंडळापुढे दोन ठराव मांडतो. आपल्या सभासदांच्या सोसायट्यांत या वर्षी एकही साप मारला जाऊ नये, आणि एकाही जनावराला फटाका बांधला जाऊ नये. फाटकावर वन खात्याचा दूरध्वनी क्रमांक आणि चार विषारी सापांची चित्रं लावायचं काम मुलं करणार आहेत. चित्रं तयार आहेत, प्रसादाच्या टेबलाशेजारी मांडली आहेत. जाताना जरूर बघा, आणि फण्याच्या खाली खवले बरोबर आडवे काढलेत का तेही तपासा. ते काढताना मुलांमध्ये बरंच भांडण झालेलं आहे.

  आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!